'नो कूलिंग'चं गाणं संपेना

हे मी सांगायचं नाही, असं ठरलेलं आहे. बाबांनी बजावलंय, "शर्वरी, बँडमधलं बँडमध्येच राहू दे." सावंतकाकांनी तर मला एसीच्या आउटडोअर युनिटवर हात ठेवायला लावून शपथ घातली. पण दोघंही 'सांगू नकोस' म्हणाले, 'लिहू नकोस' असं कोणी म्हणालं नाही. तशी मी सांगतही नाहीच. शाळेत हजेरीला मी "प्रेझेंट" म्हणते, तेसुद्धा टीचरना दोनदा विचारावं लागतं.

शिवाय किस्से म्हणजे आमच्या कपाटावरच्या बॅगांसारखे असतात. एक खाली काढायला जावं, तर तिच्यामागच्या दोन आपोआप डोक्यावर येतात. आता माझ्या डोक्यावर इतक्या आल्या आहेत, की लिहून टाकलेलं बरं.

बँडमध्ये तीन माणसं. बाबा मूळचे नाशिकचे, तेल कंपनीच्या कामांवर इंजिनिअर, बास गिटार वाजवतात. डेल अंकल बाबांच्या ऑफिसातले, अमेरिकेचे, वेल्डिंग तपासतात आणि गिटार वाजवून गातात. सावंतकाका कुडाळजवळचे, एसी दुरुस्त करतात आणि ढोल, ताशा किंवा समोर येईल ते वाजवतात. मी फोन धरून रेकॉर्डिंग करते. ते काम मला आवडतं. फोन धरणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.

* * *

मागच्या उन्हाळ्यात आमचा एसी बंद पडला, तिथून हे सगळं सुरू झालं.

कुवेतमध्ये जुलैत एसी बंद पडला, की घरातली माणसं एकमेकांशी फार सभ्यपणे वागायला लागतात, कारण भांडायलाही ताकद उरत नाही. सावंतकाका आले. स्टुलावर चढून त्यांनी डोकं आणि दोन्ही हात फॉल्स सीलिंगमध्ये घातले. आम्हाला फक्त त्यांचे पाय दिसत होते. त्या दिवशी डेल अंकल आमच्याकडे जेवायला आले होते. ते आणि बाबा घाम पुसत पुसत हॉलमध्ये गिटार वाजवत बसले.

मध्येच छतातून ठेका सुरू झाला. आधी हळू, मग जोरात. डक्टच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठी पडत होत्या.

डेल अंकल थांबले. "अजित, हू इज दॅट?"

"दॅट इज द एसी मॅन."

"नो, नो," डेल अंकल छताकडे बघत म्हणाले, "दॅट इज अ ड्रमर!"

दोघांच्या गिटार थांबल्या. छत थांबलं नाही. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं स्टुलावरच्या पायांना विचारलं, "अहो सावंत, गॅस कुठून लीक होतोय, सापडलं का?"

वरून आवाज आला, "लीक कधीच गावला वैनी, ठेको सोडवत नाय!"

* * *

डेल अंकल नेब्रास्का नावाच्या राज्यातले आहेत. त्यांच्या गावात एकच सिग्नल होता. गाड्याच नाहीत म्हणून पुढे तोही काढून नेला. त्या गावात त्यांचा चौघांचा बँड होता, शाळेपासूनच्या मित्रांचा. एकाच्या वडिलांच्या शेडमध्ये, दोन ट्रॅक्टरांच्या मधल्या जागेत प्रॅक्टिस चालायची. गाणी स्वतः लिहायची, कॅसेट स्वतः भरायच्या आणि व्हॅनच्या मागच्या दारातून स्वतःच विकायच्या.

"यालाच इंडी रॉक म्हणतात," बाबांनी मला समजावलं. "स्वतःच लिहायचं, स्वतःच वाजवायचं, सामान स्वतःच उचलायचं."

"आणि स्वतःच ऐकायचं," आई म्हणाली.

त्यांचा सगळ्यात मोठा कार्यक्रम जिल्ह्याच्या जत्रेत झाला. यांनी पडद्याआडून पाहिलं, तर बाकं गच्च भरलेली. चौघांना रडू यायचं बाकी होतं. दोन गाणी झाली, कोणी हललं नाही. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर एकदम टाळ्या, शिट्ट्या, लोक उठून उभे! डेल अंकलनी डोळे मिटले आणि जीव तोडून गायले. डोळे उघडले तेव्हा कळलं, की त्यांच्या मागून डुकरं आत आली होती. स्पर्धा डुकरांची होती. लोक जागा धरायला लवकर येऊन बसले होते.

पुढे ड्रमरनं ड्रम विकून वासरं घेतली आणि बँड संपला. एक गाणं मात्र अर्धंच राहिलं. गाव संपतं तिथे जो शेवटचा दिवा असतो, त्याच्यावरचं. त्याचा शेवट कसा करायचा, यावर चौघांचं कधी एकमत झालं नाही. आता चौघांचे केस पिकले, पण दर नाताळात कोणी ना कोणी मेसेज करून विचारतं, "संपलं का रे ते?"

डेल अंकलनी त्यांना शब्द दिला होता, की कुवेतमध्ये बँड मिळालाय, मी ते पूर्ण करतो. लोकांसमोर वाजवतो, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, आणि तुम्हाला रेकॉर्डिंग पाठवतो. मित्रांनी लिहिलं, "वाळवंटात बँड? फोटो पाठव." यांनी फोटो पाठवला. त्यात बाबा, सावंतकाका आणि उघडलेला एसी होता. मित्रांनी लिहिलं, "फोटोत बँड कुठे आहे?"

तेव्हापासून डेल अंकल इरेला पेटले. बाबांनी गाण्यात मराठीत एक कडवं घातलं. चाल बसली, शब्द बसले. आता राहिला होता फक्त शेवट.

* * *

आमच्या बिल्डिंगचा हारिस, म्हणजे वॉचमन, इजिप्तचा आहे. पहिल्या प्रॅक्टिसला तो वर आला आणि हात जोडून म्हणाला, "खलास?" म्हणजे, झालं का?

"खलास, खलास," बाबा म्हणाले. दोन्ही गिटार बंद. आतून ढोल चालूच.

तो खाली गेला. पुन्हा वर आला. "खलास?" बाबा पुन्हा म्हणाले, "खलास." ढोल चालूच. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं दारात चपला काढल्या. आत येऊन सोफ्यावर बसला, आईनं दिलेला चहा प्यायला आणि जाताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवून गेला, घरी आजारी माणूस असला की ठेवतात तसा.

म्हणून बँड अम्गऱ्याला हलला. अम्गरा म्हणजे नुसती भंगाराची यार्डं आणि वर्कशॉपं. तिथे सावंतकाकांच्या ओळखीच्या एका शेडमध्ये जुने एसी खोलून सुटे भाग काढायचं काम चालायचं. शुक्रवारी शेड आम्हाला मिळायची. आत चहूबाजूंनी छतापर्यंत एसी रचलेले, आणि चालणारा एकही नाही! घामानं गिटारच्या तारा निसटायच्या. डेल अंकलनी एका युनिटला चिकटवलेली चिठ्ठी वाचली, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. सगळ्यांवर तक्रार एकच लिहिलेली: नो कूलिंग.

"दॅट्स अस!" ते ओरडले. बँडचं नाव असं ठरलं. आईचं मत असं, की इतकं प्रामाणिक नाव दुसऱ्या कुठल्या बँडचं नसेल.

अम्गऱ्यात आवाजाची तक्रार कोण करणार, असं आम्हाला वाटलं होतं. पण तिसऱ्या शुक्रवारी शेजारचा पत्र्याचं काम करणारा पेशावरचा खानचाचा दारात येऊन उभा राहिला. हातात हातोडा. बाबा लगेच म्हणाले, "सॉरी, सॉरी, आवाज कम करते हैं."

"कम मत करो," खानचाचा म्हणाला. "पिछले जुम्मे वाला बजाओ. उस पे हाथ अच्छा चलता है."

* * *

आता खरी अडचण सांगते. सावंतकाकांना गाणं थांबवता येत नव्हतं.

ताल चुकतो असं नाही. ताल असा, की खानचाचाचे पत्रेसुद्धा सरळ होतील. पण साडेतीन मिनिटांनी डेल अंकल आणि बाबा शेवटचा सूर मारून थांबायचे, आणि काका तसेच पुढे! डोळे अर्धे मिटलेले, मान डोलते आहे, हात चालू आहेत.

डेल अंकल म्हणाले, "सावंट, गाणं संपलं की थांबायचं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळू आवाजात मराठीत सांगितलं. काकांना ते पटलंच नाही.

गावी ते बेंजो पार्टीत वाजवायचे. लग्नाची वरात, गणपतीची मिरवणूक, पालखी. तिथे एक गाणं दुसऱ्यात मिसळतं, दुसरं तिसऱ्यात. "मिरवणुकीत गाणा संपत नाय वो, डेलसायेब," काका म्हणाले. "देऊळ येता!"

मी भाषांतर केलं. डेल अंकलनी गिटार मांडीवर आडवी ठेवली. मग त्यांनी विचारलं, "आपल्या गाण्यात देऊळ किती वाजता येतं, ते त्याला सांगता येईल का?"

मग त्यांना आठवलं, की जुन्या बँडमध्ये गाणं संपवायची एक खूण होती. शेवटच्या ओळीला गायकानं हवेत उडी मारायची. पाय जमिनीला टेकले, की सगळे थांबले! डेल अंकलनी उडी मारून दाखवली. पाय जमिनीला टेकले. गुडघा मात्र वेगळाच कुठेतरी गेला.

आई जाब्रियाच्या एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. तिनं डेल अंकलना पलंगावर आडवं केलं, गुडघा हलवून पाहिला आणि बँडला उद्देशून म्हणाली, "गाणं कसं संपवायचं ते सावकाश ठरवा. उडी आजपासून बंद."

ढोल कधी थांबला, म्हणून विचाराल, तर डेल अंकलना गाडीत बसवताना काकांना दोन्ही हात लागले, तेव्हा.

* * *

थंडीत बाबांच्या ऑफिसची पिकनिक वाळवंटात असते. तंबू ठोकतात, कोळशावर मांस भाजतात, पोरं वाळूत सायकली रुतवतात. त्या पिकनिकला 'नो कूलिंग'चा पहिला कार्यक्रम ठरला. आपलं गाणं पहिल्यांदा लोकांसमोर! डेल अंकलनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाळवंटात!

गाणं सुरू झालं. मी फोन धरला. बाबांचं मराठी कडवं झालं, लोक माना हलवत होते, आणि अचानक सगळं शांत. ढोलसुद्धा! एका सेकंदात!

दूरच्या मशिदीतून अजान सुरू झाली होती. इथे अजान सुरू झाली, की गाणंबजावणं थांबवायचं, हे लहान पोरालाही माहीत असतं. बाबांच्या आणि डेल अंकलच्या आधी काकांचे हात थांबले होते. काठ्या मांडीवर, मान खाली.

अजान झाली. पण तोवर जेवण लागलं, लोक उठले आणि गाणं अर्धंच राहिलं. बाबा हिरमुसले. डेल अंकल मात्र वाळूवर नाचायचे बाकी होते. "ही स्टॉप्ड! अजित, तो थांबला! त्याला थांबता येतं!"

"देवाचा नाव घेतल्यार थांबूकच होया," काका म्हणाले. "कोनाच्याय देवाचा असो. मानूस ओरडलो तर कशाक थांबू?"

डेल अंकलनी खिशातून फोन काढला. म्हणाले, "पुढची अजान किती वाजता आहे? आपण बरोबर साडेतीन मिनिटं आधी..."

"नाही, डेल," बाबा म्हणाले.

"पण अजित, जस्ट..."

"नाही!"

* * *

फेब्रुवारीत कळलं, की डेल अंकलचं काँट्रॅक्ट वाढलं नाही. गुढीपाडव्यानंतर दोन दिवसांनी त्यांचं विमान. आता कायमचंच परत.

ही बातमी ऐकून आईनं डेल अंकलच्या ताटात न विचारता आणखी एक पोळी वाढली. डेल अंकलच म्हणाले, "ओके. म्हणजे गाणं संपवायला आता महिना आहे."

त्याच आठवड्यात एक लग्नाचा वाढदिवस होता, देशपांडेकाका-काकूंचा. देशपांडेकाकू आमच्या मराठी मंडळाचे कार्यक्रम बसवतात. त्यांचा सगळा जीव वेळापत्रकात असतो. त्यांनी मोठ्या मनानं सांगितलं, "केक कापल्यावर आणि जेवणाच्या आधी, एक गाणं वाजवा. एकच."

बाबांनी या वेळी काकांना खुर्चीत बसवलं आणि समजावलं, "सावंत, आज आपण बसून वाजवतोय. मिरवणूक नाही. कोणी चालत नाहीये. ठीक आहे?"

"ठीक आसा," काका म्हणाले. आणि खरंच छान चाललं होतं. पण काकूंच्या भाच्यानं डायनिंगचं दार उघडलं, आणि पाहुणे एकेक करून जेवणाकडे निघाले.

लोक चालायला लागले, की वाजवणारा चालायला लागतो. हे काकांच्या पायांतच आहे. ढोल गळ्यात अडकवून ते उठले आणि पाहुण्यांच्या पुढे निघाले. डेल अंकल त्यांना थांबवायला मागून. पण गिटारची वायर स्पीकरला, आणि स्पीकर चाकांवरचा! तोही निघाला. बाबा स्पीकर धरायला त्याच्या मागून. अशी ती मिरवणूक सॅलडपासून गुलाबजामपर्यंत जाऊन परत आली. पाहुणे हातात प्लेट घेऊन ठेक्यात चालत होते. कोणाला वाढून घ्यायचं सुचत नव्हतं. एक आजोबा मोकळी प्लेट घेऊन दोन फेऱ्या मारून बसले.

शेवटी काकू काकांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. "सावंत! अहो, पनीर गार होतंय!"

काका वाजवता वाजवताच अदबीनं म्हणाले, "काकू, देवबाप्पा बसवल्यानी खंय ता सांगा, थयसरच थांबतंय."

* * *

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमासाठी मंडळानं एका शाळेचा हॉल घेतला होता. देशपांडेकाकूंनी बँडचं नाव कार्यक्रमात घालायला चक्क नकार दिला होता. मग डेल अंकल स्वतः त्यांच्या घरी गेले. काय बोलले माहीत नाही, पण यादीत आमचं नाव आलं. बालनाट्याच्या नंतर आणि आभारप्रदर्शनाच्या आधी. त्यापुढे काकूंनी लाल पेनानं लिहिलं होतं: चार मिनिटं!

डेल अंकलची ही शेवटची संधी होती. दोन दिवसांनी विमान. आम्ही सगळा विचार करून ठेवला होता. मी पहिल्या रांगेत बसून फोन धरायचा, आणि शेवटची ओळ आली की उजव्या हातानं टॉर्च उंच धरायची. काकांनी टॉर्च बघितली की थांबायचं. काकांनी कबूल केलं होतं. अम्गऱ्यात दोन शुक्रवार ते टॉर्चवर थांबलेही होते. खानचाचानं तक्रार केली होती, की काम मध्येच तुटतं.

हॉल भरला होता. मागच्या रांगांत काकांच्या खैतान भागातल्या खोलीवर राहणारी मंडळी बसली होती. सगळी कोकणातली, कोणी सुतार, कोणी प्लंबर, कोणी पेंटर. घरची माणसं गावी, म्हणून सणाला इकडे. त्यांच्यात सगळ्यात मोठे परबआबा. सुतारकाम करतात, खोलीत भाकऱ्याही तेच करतात. स्वच्छ पांढरा शर्ट, डोक्याला टोपी.

गाणं सुरू झालं. डेल अंकल इतके सुंदर कधीच गायले नव्हते. इंग्रजी कडवं झालं, बाबांचं मराठी कडवं झालं. मला समोरचं फोनमधून दिसत होतं, म्हणून बरं. नाहीतर मला धड बघवलं नसतं. शेवटची ओळ आली. मी टॉर्च वर केली.

तेवढ्यात खैतानची मंडळी नाचायला लागली.

रांगा सोडून, मधल्या वाटेनं, हात वर करून! त्यांच्यामागून बालनाट्यातली पोरं, अजून मिशा लावलेली. मग त्यांच्या आया. माझी टॉर्च शंभर हातांत हरवून गेली. आणि समोर मिरवणूक दिसल्यावर सावंतकाका कसले थांबतात! डेल अंकल आणि बाबांनी शेवटचा सूर मारला. एकदा. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा. ढोल चालूच. विंगेत देशपांडेकाकू मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवत होत्या, आणि दुसऱ्या हातानं पडद्याची दोरी धरून उभ्या होत्या.

डेल अंकलनी गिटार खाली सोडली. ते हसत होते, पण मी फोनमध्ये झूम केलं होतं, मला दिसलं. कोणीतरी डुकरांची स्पर्धा बघायला आलंय, हे कळल्यावर माणूस हसेल तसं ते हसू होतं.

तेव्हा परबआबा उठले. गर्दीतून वाट काढत, नाचणाऱ्यांना हातानं बाजूला सारत स्टेजवर चढले. माईकसमोर गेले. टोपी नीट केली, हात जोडले, डोळे मिटले आणि खड्या आवाजात म्हणाले,

"बा देवा म्हाराजा!"

ढोल थांबला. सावंतकाकांच्या काठ्या मांडीवर, मान खाली. नाचणारे होते तिथे उभे राहिले. आणि मागच्या रांगांतून एका आवाजात आलं, "व्हय म्हाराजा!"

हे गाऱ्हाणं. कोकणात गावातला वडीलधारा माणूस सगळ्यांच्या वतीनं देवाला असं साकडं घालतो, आणि गाव होकार देतो. मी ते पहिल्यांदाच ऐकत होते.

"आज तुझी लेकरा ह्या वाळयेत जमली हत, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता अर्धा हॉल.

"ह्यो डेलसायेब आमच्यात इलो, आमच्या ताटात जेवलो, आता आपल्या गावाक परत जाता हा. तेका सुखरूप पोचव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

डेल अंकलना एकही शब्द कळत नव्हता. फक्त स्वतःचं नाव कळलं. पण ते गाणारे आहेत. त्यांनी गिटार पुन्हा उचलली, आणि पुढच्या वेळी बरोबर 'व्हय म्हाराजा'वर सूर वाजवला.

"तेच्या इमानाक खोळंबो होव नये. तेची बॅग जड झाली तरी काट्यार हलकी दिसा दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि गिटार. आता बाबांचा बासही.

"तेचो गुडघो बरो कर. तेच्या तिनय दोस्तांका घेवन तो परत इलो, तर आमच्या खोलयेत पथारी घालूक जागा गावू दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा हॉल. देशपांडेकाकूंनी दोरी सोडून हात जोडले होते.

"आनी ह्या गाण्यात काय चुकला-माकला आसात, तर पदरात घे, आनी ह्या गाणा आज हयसर पुरा करून घे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

गिटार, बास आणि ढोलाचा एकच ठोका. तिघं एकदम. त्यानंतर काही नाही. डेल अंकलचा हात तारांवर तसाच राहिला होता.

त्या रात्री डेल अंकलनी रेकॉर्डिंग मित्रांना पाठवलं. उत्तर आलं ते विमानतळावर, त्यांची बॅग काट्यावर ठेवलेली असताना. आम्ही सगळे सोडायला गेलो होतो. डेल अंकलनी स्पीकर चालू केला. तिकडून तीन म्हातारे एकाच वेळी बोलत होते, त्यातला एक हसत होता की रडत होता ते कळत नव्हतं. मग एकजण बाकीच्यांना गप्प करून म्हणाला, "डेल, शेवट सापडला, मान्य. पण आम्हाला एकच सांग. फोनच्या अगदी जवळ, बाकी सगळ्या हॉलच्या वर, तो मुलीचा आवाज कोणाचा आहे? इतक्या मोठ्यानं ओरडणारी माणसं आपल्याला तेव्हा का मिळाली नाहीत?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. सावंतकाका तर कधीचे माझ्याकडेच बघत होते. मी म्हटलं, की तो आवाज खरं म्हणजे

"शर्वरी! अगं, अम्गऱ्याला जायला सावंतकाका खाली येऊन थांबलेत, तुझ्याशिवाय निघत नाहीयेत! लवकर!"

आले, आई! तर मी म्हटलं, की तो